हेर्मान फ्योटिंगर : समुद्राने नाकारलेला, जमिनीने स्वीकारलेला शोध

जहाज धक्क्याला लागते तेव्हा त्याच्या यंत्राची खरी कसोटी असते. पुढे, थांबा, मागे असे हुकूम क्षणाक्षणाला बदलतात. विसाव्या शतकाच्या आरंभी जहाजांवर आलेल्या वाफेच्या टर्बाइनला नेमके हेच साधत नसे. ती एकाच दिशेने फिरे. मागे जाण्यासाठी निराळी टर्बाइन बसवावी लागे. शिवाय तिची गती इतकी अधिक, की तिला थेट जोडलेला प्रॉपेलर पाणी ढकलण्याऐवजी घुसळत राही. या दोन्ही अडचणींवर एकच उपाय शोधणारे अभियंते म्हणजे हेर्मान फ्योटिंगर.

त्यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८७७ रोजी न्यूर्नबर्ग येथे झाला. म्युनिक येथे विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १८९९ मध्ये ते श्टेटिन येथील वुल्कान जहाजबांधणी कारखान्यात रुजू झाले. (हे शहर आज पोलंडमध्ये आहे.) टर्बाइन आणि प्रॉपेलर यांच्यामध्ये जनित्र व विद्युत मोटर ठेवावी, असा विचार त्यांनी प्रथम केला, परंतु ती योजना जड आणि खर्चिक ठरणार होती. तेव्हा विजेचे काम त्यांनी पाण्यावर सोपवले. १९०५ मध्ये त्यांनी या कल्पनेचे पेटंट घेतले.

रचना अशी : टर्बाइनने फिरवलेले एक चाक पाणी वेगाने फेकते, ते पाणी प्रॉपेलरच्या दांड्यावरील दुसऱ्या चाकाला फिरवते, मधली स्थिर पाती प्रवाहाला वळण देतात. त्यामुळे गती घटते आणि फिरवण्याचा जोर वाढतो. शेजारीच उलट्या वळणाच्या पात्यांचा दुसरा कप्पा असतो. पहिला रिकामा करून दुसरा भरला, की टर्बाइन त्याच दिशेने फिरत असतानाही जहाज मागे जाते.

१९०९ मध्ये फ्योटिंगर डान्झिग येथे प्राध्यापक झाले. त्यांची यंत्रणा मोठ्या जहाजांवरही पोहोचली. १९१३ मध्ये श्टेटिन येथे जलावतरण झालेले टिरपिट्झ हे प्रवासी जहाज त्यांपैकी एक. महायुद्धानंतर ते ब्रिटनच्या हाती गेले आणि एम्प्रेस ऑफ ऑस्ट्रेलिया झाले. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपाच्या वेळी ते योकोहामाच्या बंदरात होते. दुसऱ्या जहाजाची साखळी प्रॉपेलरमध्ये अडकूनही त्याने सहस्रावधी लोकांना आसरा दिला.

मात्र या जहाजाला इंधन फार लागे. पाण्यातून शक्ती नेताना तिचा सुमारे दहावा हिस्सा वाया जाई. तेवढ्या काळात दातेरी चाके अचूक घडवण्याची कला पुढे गेली आणि त्यांतील व्यय अगदी अल्प राहिला. १९२६-२७ मध्ये या जहाजावरील फ्योटिंगर यंत्रणा काढून दातेरी चाकांची टर्बाइने बसवण्यात आली. जिच्यासाठी शोध लागला, त्या सागरी टर्बाइनलाच तो नकोसा झाला.

परंतु जेथे वारंवार थांबावे आणि पुन्हा जोर लावून निघावे लागते, तेथे हा व्यय परवडण्याजोगा होता. लंडनच्या बसगाड्या, जर्मनीची डिझेल-हायड्रॉलिक रेल्वे इंजिने आणि पुढे ऑटोमॅटिक मोटारी यांनी हे तत्त्व आपलेसे केले. भारतीय रेल्वेच्या यार्डांत डबे पुढे-मागे करणारे डब्ल्यूडीएस-४ इंजिनही याच कुळातले. बंदरातील जहाजाचे काम आणि यार्डातील इंजिनाचे काम फारसे निराळे नव्हे.

१९२४ पासून फ्योटिंगर बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात प्रवाहशास्त्र शिकवत होते. २८ एप्रिल १९४५ रोजी, त्या शहरातील लढाई संपण्यास चार दिवस उरले असताना, तोफगोळ्याच्या तुकड्याने त्यांचा अंत झाला. आज ऑटोमॅटिक मोटार सिग्नलला थांबते आणि इंजिन बंद न पडता पुन्हा निघते, तेव्हा बहुतेकदा तेलाने भरलेले त्यांचेच चाक काम करीत असते. चालकाला त्यांचे नाव क्वचितच ठाऊक असते.