साताऱ्याच्या यादवीतला देशभक्त

देशभक्तीची प्रमाणपत्रे वाटणाऱ्यांचे दुकान आजही जोरात चालते. १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, एवढे त्यांना टोमण्यासाठी पुरते. अशा मंडळींना आम्ही त्या काळच्या साताऱ्यात घेऊन जाऊ इच्छितो. आज सांगलीत असलेले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यातच होते.

वाळवा तालुक्यातील येडे मच्छिंद्रचे नाना रामचंद्र पिसाळ म्हणजेच क्रांतिसिंह नाना पाटील. जन्म ३ ऑगस्ट १९००. नोकरी तलाठ्याची, १९३० च्या कायदेभंगात ती त्यांनी सोडली. घडण सत्यशोधकी. कर्ज काढून लग्ने करू नका, दारू सोडा, पोरांना शिकवा, हे ते गावरान भाषेत सांगत हिंडत. शेतकरी बायाबापड्यांना ते आपलेच वाटत. तुरुंगाच्या वाऱ्या तर ठरलेल्याच.

९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला, माणसे पडली. त्यानंतर साताऱ्याने मोर्चाचा मार्ग सोडला आणि प्रतिसरकार उभे केले. नाना १९४६ पर्यंत भूमिगत राहिले. गावोगावी न्यायनिवाडे होऊ लागले, तुफान सेना उभी राहिली. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पगाराचा पैसा नेणारी गाडी लुटली गेली.

पण हे युद्ध कुणाविरुद्ध होते? गावात गोरा साहेब कितीसा दिसे! समोर होते खबरे, सावकार, दरोडेखोर आणि खाकीतले आपलेच शिपाई. पायाच्या तळव्यांवर फटके बसत ते देशबांधवांच्याच. म्हणूनच लोकांनी त्याला पत्री सरकार म्हटले. याला आम्ही यादवीच म्हणतो. एका गावावर दोन सरकारे, आणि दोघांनाही माणसाची निष्ठा हवी! तरीही नानांना कुणी देशद्रोही म्हणत नाही, आणि म्हणूही नये. आपल्याच माणसांविरुद्ध उभे राहूनही माणूस देशभक्त असू शकतो, हे साताऱ्याने दाखवून दिले.

मग आमचा प्रश्न असा की, या यादवीत महारवाड्याने काय करायचे होते? वतनदार महार सरकारी कामाला जुंपलेला. सरकारी सांगावा त्यानेच पोहोचवायचा, आल्यागेल्या अंमलदाराची सरबराई त्यानेच करायची. हुकूम पाळला तर तो सरकारचा माणूस, मोडला तर पोटावर पाय. त्याच्या गळ्यातला हा फास काढण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कौन्सिलात वतन कायदा दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. तेव्हा देशभक्तांची फौज कुठे होती?

शेणोलीवरून जाणाऱ्या त्याच लोहमार्गावर मसूर स्टेशन आहे. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेला लहानगा भीमराव भावंडांसह तिथे उतरला. पोरे महाराची आहेत म्हणताच स्टेशनमास्तर मागे सरकला. दुप्पट भाडे घेऊन एक गाडीवान कबूल झाला, तोही गाडी पोरांनीच हाकावी या अटीवर. वाटेत प्यायला पाणी मिळाले नाही. एका देशात दोन देश होते, ते असे! नानांनी एका सरकारशी लढाई मांडली. बाबासाहेबांना त्यापेक्षा जुन्या सरकारशी लढायचे होते, ज्याला ९ ऑगस्टचा आदेश लागू नव्हता.

प्रतिसरकारने हे जुने सरकार हलवले का? सावकाराला आणि दारूला त्याने हात घातला, हे मोठेच काम. पण महारवाडा वेशीबाहेरच राहिला. नानांना मानतो म्हणून आम्ही हे झाकून ठेवणार नाही.

स्वातंत्र्यानंतर नाना सत्तेच्या पंगतीला बसले नाहीत. आधी शेतकरी कामगार पक्षात, मग कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्र समितीतर्फे साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. त्याच समितीत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन होते, आणि त्याच लोकसभेत नाशिकहून कर्मवीर दादासाहेब गायकवाड आले होते. १९४२ ला वेगळ्या वाटांनी गेलेली माणसे पंधरा वर्षांनी एकाच बाजूच्या बाकांवर बसली.

नाना गेले ते ६ डिसेंबर १९७६ ला. बाबासाहेबांना जाऊन त्या दिवशी वीस वर्षे झाली होती. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्यावर वाळव्यात अंत्यसंस्कार झाले.