कागदाची झालर

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वुस्टर नावाचे शहर आहे. अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यावर माघातील थंडी म्हणजे पहाटेची शेकोटी आणि अंगावर एखादी जाड चादर. वुस्टरला मात्र त्या दिवसांत रस्ते बर्फाखाली जातात. अशा कडाक्याच्या थंडीत, १४ फेब्रुवारीस, संत व्हॅलेंटाइन यांच्या नावाने आवडत्या माणसांना शुभेच्छापत्रे पाठविण्याची तिकडे प्रथा आहे. आपण संक्रांतीला तिळगूळ देतो, त्यातलाच हा प्रकार. या पत्रांना अमेरिकेत ज्या स्त्रीने मोठा लौकिक मिळवून दिला, त्या एस्थर हाउलंड हिचा जन्म वुस्टर येथे १८२८ साली झाला.

तिच्या वडिलांचा पुस्तके व लेखनसाहित्य यांचा व्यापार होता. मुलींना वरचे शिक्षण देणाऱ्या संस्था त्या काळी तिकडेही थोड्याच होत्या; तरी वडिलांनी एस्थरला माउंट होलिओकच्या विद्यालयात पाठविले. १८४७ मध्ये शिक्षण पुरे करून ती घरी आली. त्याच सुमारास वडिलांच्या परिचयाच्या एका व्यापाऱ्याकडून तिला इंग्लंडमध्ये तयार झालेले एक शुभेच्छापत्र आले. त्याला जाळीदार कागदाची नाजूक झालर होती. असली पत्रे परदेशाहून येत व फार महाग पडत. ते पाहून, याहून सरस पत्र आपण करू, असे एस्थरने मनाशी घेतले.

वडिलांनी तिच्यासाठी जाळीचा कागद व फुलांची चित्रे मागविली. तिने डझनभर नमुने केले. तिचा भाऊ दुकानाच्या मालासाठी गावोगाव हिंडे. त्याच्या सामानात ते नमुने गेले. दोनशे डॉलरांची मागणी आली तरी पुष्कळ, अशी तिची अपेक्षा होती. भाऊ परतला तो पाच हजारांहून अधिक डॉलरांची मागणी घेऊन!

आता दोन हातांनी हे काम कसे उरकावे? एस्थरने मैत्रिणींना हाक दिली. घराच्या तिसऱ्या मजल्यावर लांब मेजाभोवती त्या बसल्या. एकीने चित्रे कातरायची, दुसरीने तळाचा कागद चिकटवायचा, तिसरीने वरचा थर द्यायचा. आणि तयार झालेले प्रत्येक पत्र एस्थरच्या नजरेखालून जायचे. ज्यांना घर सोडून येणे शक्य नसे, अशा स्त्रियांकडे सामानाची पेटी पोहोचती होई.

खरी करामत होती ती या थरांत. पांढऱ्या कागदावर पांढरी जाळी ठेवली, तर नक्षी दिसतच नाही. म्हणून एस्थर जाळीखाली चकचकीत रंगीत कागदाचा तुकडा ठेवी, म्हणजे छिद्राछिद्रातून रंग डोकावे. दोन थरांच्या मधे पंख्यासारखी मुडपलेली कागदाची बारीक पट्टी चिकटविली, की वरचा थर उचलला जाई, त्याची सावली खालच्यावर पडे आणि सपाट कागदाला खोली येई. गणपतीच्या मखरासाठी ज्यांनी कागद कातरला आहे, त्यांना यातील कसब सांगावे लागणार नाही. कविता ती आतल्या बाजूस ठेवी. एखाद्याला ती न रुचली तर? त्यासाठी १८७९ मध्ये १३१ कवितांचे एक पुस्तकच निघाले. निवडलेली कविता मूळच्या कवितेवर चिकटवून मिळे.

१८६६ मध्ये एस्थरबाईंच्या गुडघ्याला इजा झाली व त्यांना चाकांच्या खुर्चीचा आश्रय घ्यावा लागला. परंतु काम थांबले नाही. खुर्चीत बसूनच त्यांनी ते चालविले. १८७० मध्ये त्यांनी ‘न्यू इंग्लंड व्हॅलेंटाइन कंपनी’ हे नाव घेतले. नाताळ, नवे वर्ष व वाढदिवस यांचीही पत्रे तेथे होऊ लागली. वर्षाची उलाढाल एक लाख डॉलरांपर्यंत गेली, असे सांगतात.

मग वडील आजारी पडले. तीस-पस्तीस वर्षे हातांनी उभा केलेला व्यवसाय एकीकडे व वडिलांची शुश्रूषा दुसरीकडे, असा प्रसंग आला. एस्थरबाईंनी १८८१ मध्ये कंपनी जॉर्ज व्हिटनी या वुस्टरच्याच व्यावसायिकास विकली आणि त्या वडिलांपाशी राहिल्या. १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या अनेक पत्रांच्या पाठीमागे ‘एच’ हे इंग्रजी अक्षर तांबड्या शाईत बारीकसे उमटविलेले असे. जुन्या पत्रांचे संग्राहक आजही पत्र हाती आले, की आधी ते उलटून हे अक्षर शोधतात.