अर्ध्या मापाची गाडी, पूर्ण मापाचा माणूस

गोष्ट सुरू होते आमच्या हॉस्टेलच्या खोलीत. प्रदर्शनासाठी एका जुन्या क्लासिक गाडीचं स्केल मॉडेल करायचं ठरलं आणि एकमताने नाव निघालं बुगाटी टाइप ३५. स्केल १:१२. खऱ्या गाडीचा व्हीलबेस २४०० मि.मी., म्हणजे आमचा बरोब्बर २०० मि.मी. हिशोब सोपा म्हणून सगळे खूश. दोन रात्री जागून पत्र्याची बॉडी झाली, निळा रंग झाला. दारातून बघितलं तर गाडी झकास दिसत होती.

मग पुढचा ॲक्सल आला आणि गाडी अडली. या गाडीत पुढच्या पाट्यांच्या स्प्रिंगा ॲक्सलला वरून किंवा खालून बांधलेल्या नाहीत. ॲक्सललाच चौकोनी भोक आहे आणि स्प्रिंग त्यातून आरपार जाते. १:१२ मध्ये हे भोक पाडायचं म्हणजे डोळ्यांची आणि कानशीची परीक्षा. पार्टनर म्हणाला, जाऊ दे ना, खाली वाकून कोण बघतंय, फेविक्विकने चिकटव. मलाही ते पटलं होतं. पण फोटो शोधता शोधता ही गाडी करणाऱ्या माणसाचं चरित्र हाताला लागलं आणि ते संपेपर्यंत फेविक्विकची नळी वाळून गेली. त्या माणसाची ही गोष्ट.

घरच कलाकारांचं

एत्तोरे बुगाटीचा जन्म १५ सप्टेंबर १८८१ चा, इटलीतल्या मिलानचा. वडील कार्लो हे फर्निचरचे नावाजलेले डिझायनर. धाकट्या भावाचं नाव रेम्ब्रांट, म्हणजे घरच्यांनी नावातच चित्रकार आणून ठेवला होता. एत्तोरेनेही कलाकारच व्हायचं असं ठरलेलं. मिलानच्या ब्रेरा कला अकादमीत त्याचं शिक्षण सुरूही झालं. पण घरात रेम्ब्रांटचे हात मातीवर फिरताना बघितल्यावर एत्तोरेला कळून चुकलं, की खरा शिल्पकार आपल्या घरात एकच आहे आणि तो आपण नाही.

आपल्यापैकी कितीजणांना असं वेळेवर कळतं? तो रुसून बसला नाही. सतरा वर्षांचा असताना तो सायकली आणि मोटार-तिचाकी बनवणाऱ्या प्रिनेत्ती-स्तुक्की या कारखान्यात उमेदवारीला लागला. ना डिग्री, ना डिप्लोमा. तीन वर्षांत त्याने स्वतःची एक मोटार उभी केली आणि १९०१ च्या मिलानच्या प्रदर्शनात तिला बक्षीस मिळालं. ते बघून अल्सासमधल्या द दीत्रिश कंपनीने त्याला बोलावलं. पठ्ठ्या अजून सज्ञान नव्हता, त्यामुळे करारावर सही वडिलांना करावी लागली!

तळघरातला शिंगरू

पुढची सात-आठ वर्षं नोकऱ्यांची. द दीत्रिश, मग माथिस, मग कोलोनची डॉइट्झ कंपनी. दिवसा मालकांसाठी मोठ्या गाड्या आणि रात्री घराच्या तळघरात स्वतःसाठी एक छोटी गाडी, असा त्याचा दिनक्रम होता. या छोट्या गाडीचं लाडाचं नाव पडलं ‘पती पूर सांग’, म्हणजे छोटा जातिवंत घोडा. घोडे हा एत्तोरेचा जीव की प्राण. पुढे त्याच्या गाड्यांच्या रेडिएटरला घोड्याच्या नालेचा आकार आला, तो आजही लांबून ओळखू येतो.

१९०९ साली त्याने अल्सासमधल्या मोल्सहाइम गावी, कपडे रंगवण्याच्या एका बंद कारखान्याच्या जागेत आपला कारखाना थाटला. तेव्हा अल्सास जर्मनीत होतं. म्हणजे माणूस इटलीचा, जमीन जर्मनीची आणि पुढे गाड्यांवर रंग चढला तो फ्रान्सचा निळा.

१९११ साली ल मान्सच्या शर्यतीत त्याची जेमतेम १.३ लिटरची गाडी, कित्येक पट मोठ्या इंजिनांच्या धुडांमध्ये घुसून दुसरी आली. लोक हसायचे थांबले. आपल्याला थर्मोच्या पेपरात इंजिन मोठं म्हणजे पॉवर जास्त एवढंच आठवतं. वजन नावाची गोष्ट सुद्धा समीकरणात असते, हे या छोट्या गाडीने दाखवून दिलं.

भाऊ

१९१४ साली महायुद्ध पेटलं. एत्तोरेने रेसच्या गाड्या जमिनीत पुरून ठेवल्या आणि कुटुंबाला घेऊन मोल्सहाइम सोडलं. पुढे पॅरिसमध्ये तो विमानांची इंजिनं डिझाइन करत होता.

रेम्ब्रांट तोपर्यंत प्राण्यांचा मोठा शिल्पकार झाला होता. प्राणीसंग्रहालयात पिंजऱ्यासमोर बसून तो समोरच्या जिवंत जनावरावरून थेट मूर्ती घडवायचा. त्याचं आवडतं ठिकाण अँटवर्पचं प्राणीसंग्रहालय. युद्धात तिथले प्राणी मारावे लागले. जखमी सैनिकांची सेवा करताना त्याने जे बघितलं, त्याने तो आतून पार खचला. जानेवारी १९१६ मध्ये, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं.

ज्याच्या हातातली कला बघून एत्तोरेने आपला रस्ता बदलला होता, तो भाऊच गेला. यानंतरच्या एत्तोरेच्या गाड्या बघताना मला नेहमी वाटतं, की त्याने घरातल्या शिल्पकाराची जागा भरून काढायचं मनावर घेतलं असावं.

टाइप ३५

युद्ध संपलं, अल्सास फ्रान्समध्ये आलं आणि एत्तोरे मोल्सहाइमला परतला. १९२१ साली इटलीतल्या ब्रेशियाच्या शर्यतीत त्याच्या गाड्यांनी पहिले चारही नंबर मारले. मग ३ ऑगस्ट १९२४ ला लियाँच्या ग्राँ प्रीमध्ये टाइप ३५ उतरली. दोन लिटरचं, एका रांगेत आठ सिलिंडरचं इंजिन. चाकं ॲल्युमिनियमची ओतीव, आठ चपट्या आऱ्यांची, ब्रेकचा ड्रम चाकाच्याच ओतकामात. चाक काढलं की ब्रेक आपोआप उघडा पडतो. इंजिनाचा ठोकळा बाहेरून इतका चौकोनी आणि नितळ, की मशीन ड्रॉइंगच्या सरांनी फ्रंट व्ह्यू म्हणून फळ्यावर काढावा. आणि तो ॲक्सल, ज्याच्यामुळे आमची झोप उडाली.

पहिल्या दिवशी मात्र फजिती झाली. टायरांनी दगा दिला आणि शर्यत हातची गेली. पण गाडीत खोट नव्हती. १९२५ ते १९२९ सलग पाच वर्षं सिसिलीच्या डोंगरातली तार्गा फ्लोरिओ शर्यत बुगाटीनेच जिंकली. १९२९ ची पहिलीवहिली मोनाको ग्राँ प्रीसुद्धा टाइप ३५ नेच मारली.

रोलाँची गाडी

आता आपल्या विषयाचा मुद्दा. जगातल्या सगळ्यात सुंदर स्केल मॉडेलांपैकी एक खुद्द एत्तोरेने बनवलं. धाकटा मुलगा रोलाँ १९२२ चा. तो चार-पाच वर्षांचा असताना, बापाने त्याच्यासाठी टाइप ३५ ची अर्ध्या मापाची गाडी केली. हीच टाइप ५२, ‘बेबी’.

इथे जरा वही काढा. लांबी निम्मी केली की क्षेत्रफळ चौथाई होतं आणि घनफळ आठवा हिस्सा. म्हणजे दोन लिटरचं इंजिन तंतोतंत लहान केलं तर उरतं २५० सी.सी., आणि ते आठ सिलिंडरांत वाटलं तर प्रत्येकी ३१ सी.सी. बोट घातलं तरी अडकेल. एत्तोरे त्या भानगडीत पडला नाही. त्याने सरळ १२ व्होल्टची बॅटरी आणि इलेक्ट्रिक मोटर बसवली. नालेसारखा रेडिएटर नुसता शोभेचा. पण ब्रेक? चारही चाकांना खरेखुरे ड्रम ब्रेक. पोरगं त्यात बसणार होतं ना! कुठे खोटं चालेल आणि कुठे अजिबात चालणार नाही, हे त्याला नेमकं माहीत होतं.

मिलानच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी ठेवली आणि गिऱ्हाइकं मागेच लागली. मोठ्या मुलांचे पाय मावावेत म्हणून गाडी थोडी लांब करून विकायला काढली. १९३६ पर्यंत अशा सुमारे ५०० बेबी तयार झाल्या. किनाऱ्यावरच्या शहरांत श्रीमंत पोरांच्या शर्यतीही लागायच्या. २०१९ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात तिची नवी आवृत्ती जाहीर झाली, या वेळी पाऊण मापाची, आणि ती सुद्धा ५०० चीच.

राजांची गाडी, पण राजाच नाही

एत्तोरे देव नव्हता. हट्टी होता, आणि थोडाथोडका नव्हे. इतरांच्या गाड्यांना हायड्रॉलिक ब्रेक येऊन जुने झाले तरी हा १९३८ पर्यंत तारेच्या ब्रेकना चिकटून राहिला. दोन कॅमशाफ्टचं डोकं त्याने स्वीकारलं ते अमेरिकेच्या मिलर गाड्या १९२९ मध्ये हाती आल्यावर.

आणि हट्टाचा कळस म्हणजे टाइप ४१, ‘रोयाल’. १२.७ लिटरचं इंजिन, ४.३ मीटरचा व्हीलबेस. आमच्या १:१२ च्या हिशोबानेसुद्धा नुसता व्हीलबेस ३५८ मि.मी. भरतो, म्हणजे ड्राफ्टरच्या बोर्डवर आडवी टाकावी लागेल. रेडिएटरच्या टोपणावर रेम्ब्रांटच्या शिल्पावरून केलेला हत्ती, सोंड उंचावून मागच्या दोन पायांवर उभा. असल्या २५ गाड्या राजेलोकांना विकायचा बेत होता. बाजारात आली तेव्हा जागतिक मंदी. झाल्या फक्त सहा, विकल्या गेल्या तीन आणि त्यातली एकही राजाला नाही.

पण माणूस हार मानणारा नव्हता. उरलेली ती अवाढव्य इंजिनं त्याने १९३३ पासून रेल्वेच्या डब्यांत बसवली. एकेका डब्यात दोन, काहींत तर चार. फ्रान्सच्या रुळांवर हे डबे भन्नाट पळाले आणि त्यांनीच कारखाना तगवला. राजांसाठी घडवलेल्या इंजिनाने शेवटी तिकीट काढून बसलेल्या लोकांना वाहिलं. माझ्या मते इंजिनाचं त्यात भलंच झालं.

१९३६ साली कामगारांनी संप केला. गावच्या जहागीरदारासारखा वावरणाऱ्या एत्तोरेला ते फार लागलं. कामगारांच्या बाजूने विचार करणं त्याला जमलं नाही. कारखाना थोरला मुलगा ज्याँ याच्यावर सोपवून तो बहुतेक काळ पॅरिसलाच राहू लागला.

शेवटची वळणं

ज्याँ बापासारखाच हुशार, आणि नजर काकासारखी. टाइप ५७ त्याच्या देखरेखीत घडली. १९३७ आणि १९३९ ची ल मान्सची २४ तासांची शर्यत त्याच मालिकेतल्या गाड्यांनी जिंकली. ११ ऑगस्ट १९३९ च्या रात्री मोल्सहाइमजवळच्या रस्त्यावर तो ती विजयी गाडी टेस्ट करत होता. अचानक एक सायकलवाला समोर आला. त्याला वाचवायला ज्याँने गाडी वळवली, ती झाडावर आदळली. ज्याँ तीस वर्षांचा होता.

तीन आठवड्यांत दुसरं महायुद्ध सुरू झालं. कारखाना जर्मनांच्या घशात गेला, युद्धानंतर फ्रेंच सरकारने जप्त केला. एत्तोरे कोर्टात भांडत राहिला. १९४७ साली निकाल बाजूने लागला, पण तोवर तो अंथरुणाला खिळला होता. २१ ऑगस्ट १९४७ ला तो गेला. कारखान्याची धुरा पुढे ज्यांच्याकडे आली त्यांत रोलाँ होता. तोच, अर्ध्या मापाच्या गाडीतला. वय वर्षं पंचवीस, आणि समोर पूर्ण मापाचा कारखाना, पूर्ण मापाच्या अडचणी. त्याने धडपड बरीच केली, पण जुने दिवस आले नाहीत. १९६३ साली कारखाना दुसऱ्या कंपनीकडे गेला.

आमचा ॲक्सल

चरित्र मिटलं आणि पार्टनरकडे बघितलं. तो काही बोलला नाही, नुसता कानस शोधायला लागला. ४ मि.मी.ची पितळेची नळी, गजराच्या जुन्या घड्याळाच्या स्प्रिंगच्या कापलेल्या पट्ट्या. दोन नळ्या मोडल्या, तिसरी जमली. स्प्रिंग आरपार गेली तेव्हा पहाटेचे चार वाजले होते आणि दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं.

प्रदर्शनात आम्हाला नंबर मिळाला नाही. लोक यायचे, रंग छान आहे म्हणायचे आणि पुढे जायचे. संध्याकाळी वर्कशॉपमधले मामा आले. चष्मा कपाळावर चढवला, टेबलाशी खाली वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले. मग विचारलं, एवढ्या नळीला चौकोनी भोक पाडलंत कसं रे?

आम्ही दोघंही एकदम सांगायला लागलो.

— टी.ई. मेकॅनिकल