तंजावरचे सरफोजी राजे आणि त्यांच्यासाठी अकरा वर्षं भांडलेला जर्मन पाद्री

शहापूरचा माहुली किल्ला ट्रेकर्सना नवा नाही. आसनगावला उतरायचं आणि सुळक्यांकडे बघत चालत सुटायचं. पण याच किल्ल्यावर १६३६ मध्ये शहाजीराजांना निजामशाही वाचवण्याची धडपड थांबवावी लागली होती. माहुली मुघलांना दिला, शहाजीराजे आदिलशाहीत गेले आणि तिथून त्यांची रवानगी कर्नाटकात झाली.

पुढे त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनी तंजावर घेतलं. पार तमिळ मुलखात मराठी बोलणारा दरबार उभा राहिला.

शंभरेक वर्षांनी या गादीचा वारस कोण, यावरून जोरदार भांडण लागलं. तेव्हा दहा वर्षांच्या पोरामागे उभा राहिलेला माणूस भोसल्यांपैकी नव्हता, मराठाही नव्हता. तो होता एक लुथरन पाद्री.

क्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ.

लुथरन म्हणजे मार्टिन ल्युथरच्या बंडातून जर्मनीत तयार झालेला प्रोटेस्टंट पंथ. श्वार्ट्झ यांचा जन्म १७२६ चा, प्रशियातल्या झोननबुर्ग गावचा. आज हे गाव पोलंडमध्ये आहे. हाले इथे शिकत असताना त्यांनी तमिळचे धडे घेतले आणि १७५० मध्ये ते ट्रँकेबारला, म्हणजे आजच्या तरंगमपाडीला उतरले. तिथे डेन्मार्कची वखार होती आणि १७०६ पासून जर्मन लुथरन मिशनरी काम करत होते.

त्यानंतर ४८ वर्षं ते इथेच राहिले. लग्न केलं नाही, युरोपला परत गेले नाहीत. तमिळ तर येत होतीच, फारसी आणि हिंदुस्तानीही शिकले. तंजावरच्या दरबाराशी संबंध आल्यावर मराठीही शिकले. राजाशी बोलायचं तर मध्ये दुभाषा कशाला, असा साधा हिशोब.

हा राजा म्हणजे तुळजाजी. अर्काटचा नवाब आणि कंपनीच्या फौजांनी १७७३ मध्ये त्यांचं राज्य काढून घेतलं आणि १७७६ मध्ये कंपनीनेच ते परत दिलं. नावाला राजा, पण दोरी कंपनीच्या हातात.

आता श्वार्ट्झ कोणाच्या बाजूचे होते? हा प्रश्न टाळता येत नाही. ते त्रिचनापल्लीच्या इंग्रज पलटणीचे पाद्री होते. १७७९ मध्ये मद्रासच्या गव्हर्नरने हैदर अलीच्या मनात काय आहे ते बघायला त्यांनाच श्रीरंगपट्टणला धाडलं. म्हणजे कंपनीचं राजकारण त्यांच्या हातून झालंच. पण गंमत बघा, वर्षभरात युद्ध पेटलं तेव्हा हैदरने आपल्या सरदारांना सांगितलं की या पाद्र्याला कुठेही अडवू नका.

याच युद्धात तंजावरच्या किल्ल्यात उपासमार सुरू झाली. आसपासच्या गावांत धान्य होतं, पण शेतकरी ते द्यायला तयार नव्हते. का देतील? आधी माल नेला होता, पैसे दिले नव्हते. राजाच्या आणि कंपनीच्या शब्दाला किंमत उरली नव्हती. शेवटी श्वार्ट्झ यांनी पैसे चुकते करण्याची हमी स्वतः घेतली. एक-दोन दिवसांत हजारावर बैल गोळा झाले आणि किल्ल्यात धान्य पोचलं.

मग आलं १७८७ साल. तुळजाजी मरणपंथाला लागले होते. त्यांनी भोसले कुळातला एक मुलगा दत्तक घेतला, सरफोजी, आणि श्वार्ट्झना म्हटलं की याला सांभाळा. श्वार्ट्झ यांनी नकार दिला. राजवाड्यातल्या भांडणात एका पाद्र्याचं काय चालणार, असं त्यांना वाटलं. तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंग यांच्याकडे मुलाला सोपवा, असं त्यांनी सुचवलं.

हा सल्ला पोराला महागात पडला.

तुळजाजी गेल्यावर कंपनीने पंडितांचं मत मागवलं. मुलगा एकुलता एक आहे, वयही जास्त आहे, अशी कारणं निघाली. दत्तक बेकायदा ठरलं आणि अमरसिंग स्वतःच गादीवर बसले. सरफोजी जवळजवळ कोंडून ठेवल्यासारखे. शिक्षण नाही, मोकळेपणा नाही. आता मात्र श्वार्ट्झ मागे लागले. कंपनीकडे तक्रारी केल्या, मुलाला शिकवण्याची सोय लावली आणि १७९३ मध्ये तुळजाजींच्या राण्यांसह त्याला मद्रासला हलवायला लावलं. तिथे गेरिके या दुसऱ्या लुथरन पाद्र्याने त्याला शिकवलं. दत्तकाचा विषय पुन्हा उघडला गेला आणि नव्याने मागवलेली मतं सरफोजींच्या बाजूने आली.

१३ फेब्रुवारी १७९८ ला श्वार्ट्झ वारले. सरफोजी अंत्यदर्शनाला आले, रडले, त्यांनी पार्थिवावर जरीचं वस्त्र घातलं. काही महिन्यांनी, जूनमध्ये ते गादीवर बसले. श्वार्ट्झ यांना तो दिवस बघता आला नाही.

आणि पुढच्याच वर्षी, १७९९ मध्ये, तह करून कंपनीने राज्याचा कारभार आपल्याकडे घेतला. राजाकडे उरला किल्ला आणि महसुलातला वाटा. गादी मिळाली, राज्य गेलं. श्वार्ट्झ यांनी ज्या कंपनीकडे न्याय मागितला, तिनेच न्यायाची किंमत वसूल केली, असं माझं मत.

श्वार्ट्झ यांच्यावर आणखी एक आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. त्यांच्या चर्चमध्ये वेल्लाळ आणि दलित ख्रिस्ती वेगवेगळे बसायचे. जात त्यांनी दारात अडवली नाही. दुसरीकडे, १७८५ च्या सुमारास त्यांच्या पुढाकाराने तंजावर, रामनाथपुरम आणि शिवगंगा इथे इंग्रजी शाळा निघाल्या. तिथे बरीच ब्राह्मण मुलं यायची आणि आडून धर्मप्रचार करायचा नाही, हे ठरलेलं होतं.

सरफोजीही ख्रिस्ती झाले नाहीत. १८२० मध्ये ते मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रेला गेले. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, देवनागरी छापखाना घातला आणि इसापच्या गोष्टी मराठीत छापून घेतल्या. मुंबई-पुण्यात मराठी पुस्तकं छापायला लागण्याच्या आधी हे तंजावरात झालं होतं.

श्वार्ट्झ यांची दोन संगमरवरी स्मारकं आहेत. मद्रासच्या सेंट मेरी चर्चमधलं कंपनीने उभारलं. दुसरं तंजावरच्या किल्ल्यात, शिवगंगा तळ्याजवळच्या चर्चमध्ये आहे. ते सरफोजींनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून करून घेतलं. त्यात पाद्री अंथरुणाला खिळलेले आहेत आणि त्यांचा हात हातात घेऊन भोसल्यांचा राजा शेजारी उभा आहे. खालच्या इंग्रजी ओळी राजाने स्वतः लिहिल्या आहेत.