सुतारी पेन्सिलीचा चित्रकार

आज मी तुम्हांला व्हिन्सेंट व्हॅन गॉग या चित्रकाराची माहिती सांगणार आहे. त्याची सूर्यफुलं गुरुजींनी आपल्याला वर्गात दाखवली होती. पण मी सूर्यफुलांवर लिहिणार नाही. त्याच्या आधी तो पेन्सिलीनं चित्रं काढायला कसा शिकला, ते मला जास्त आवडलं.

व्हिन्सेंटचा जन्म ३० मार्च १८५३ रोजी हॉलंड देशातील झुंडर्ट या खेड्यात झाला. त्याचे वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. भावंडांत व्हिन्सेंट थोरला. त्याच्या पाठचा एक भाऊ होता, त्याचं नाव थिओ. हे नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

सोळाव्या वर्षी व्हिन्सेंटला चित्रं विकणाऱ्या एका दुकानात नोकरी लागली. १८७६ साली ती सुटली. मग तो इंग्लंडात शाळेत शिकवायला गेला, मग पुस्तकांच्या दुकानात राहिला, मग वडिलांसारखं व्हावं म्हणून धर्माचा अभ्यास करू लागला. तोही अर्धवट राहिला. घरच्यांना मोठी काळजी पडली.

१८७८ च्या शेवटी तो बेल्जियम देशात बोरिनाज भागात गेला. तिथं कोळशाच्या खाणी होत्या. खाणीतल्या गरीब मजुरांना तो धर्म सांगू लागला. नुसतं सांगत बसला नाही. स्वतःचे कपडे देऊन टाकले, गवतावर झोपला. १८७९ साली एका खाणीत मोठा स्फोट झाला, तेव्हा भाजलेल्या माणसांची त्यानं शुश्रूषा केली. तरीसुद्धा सहा महिन्यांनी त्याचं काम पुढं चालू ठेवलं नाही. मला हे बरोबर वाटलं नाही.

१८८० साली तो कुरिएर गावाकडं निघाला. तिथं झ्यूल ब्रेतों नावाचा नामांकित चित्रकार राहत होता. व्हिन्सेंटच्या खिशात फक्त १० फ्रँक होते. ते आगगाडीतच संपले. मग आठवडाभर पायपीट. एक रात्र तो उघड्यावरच्या बैलगाडीसारख्या गाडीत झोपला, सकाळी गाडी हिमानं पांढरी झाली होती. एक रात्र गवताच्या गंजीत काढली. जवळची चित्रं देऊन भाकरीचे तुकडे मिळवले. आणि एवढं करून ब्रेतोंच्या दारात पोचला तर काय, आत जायचा धीरच झाला नाही. विटांचं नवं कोरं घर बघून तो बाहेरूनच परत फिरला! पण त्याच वाटेवर त्यानं ठरवलं, की आता आपण पेन्सिल हातात घ्यायची. त्या वर्षी तो २७ वर्षांचा झाला.

हे मी घरी वाचून दाखवलं. माझा चुलत दादा दहावीला दोनदा नापास झाला आणि आता सुतारकामाला जातो. तो जेवता जेवता थांबला आणि २७ वर्षं खरंच का, असं दोनदा विचारलं. मी होय म्हटलं.

व्हिन्सेंट क्वेम या गावी एका खाण-मजुराच्या घरात राहत होता. खोली अगदी लहान, त्यात दोन खाटा. एक घरातल्या पोरांची आणि एक याची. तिथं बसून तो मोठमोठे कागद पुढं घेऊन चित्रं गिरवायचा. शार्ल बार्ग या माणसानं शिकणाऱ्यांसाठी चित्रांचे तक्ते काढले होते, ते त्यानं मागवून घेतले. त्या तक्त्यांत आधी सरळ रेघांनी आकार बांधायचा, मग सावलीची कड आखायची आणि मग सावली भरायची असं दाखवलं आहे. एका संचात ६० तक्ते होते. तो संच त्यानं एकदाच नाही, परत परत काढला.

सावली भरणं म्हणजे शेडिंग. मी आमच्या अंगणातल्या रांजणावर ते करून पाहिलं. उन्हाकडची बाजू कोरी सोडायची. तिथून पुढं रेघा आधी विरळ, मग दाट. अगदी कडेला मात्र परत थोडं फिकं ठेवायचं, कारण जमिनीवरचा उजेड तिथं उलटून पडतो. मग रांजण गोल दिसतो, नाहीतर पापडासारखा चपटा दिसतो.

१८८२ साली व्हिन्सेंट हेग शहरात राहत होता. तिथं तो सुतारी पेन्सिल वापरायचा. तीच ती, जाड शिसाची. दादानं मला तिचा तुकडा दिला आहे. तिनं चित्र फार चकाकतं, म्हणून व्हिन्सेंट त्यावर दूध आणि पाणी मिसळून ओतायचा. त्यामुळं चकाकी जाते, काळा रंग गडद होतो आणि पुसलाही जात नाही. (आमची आई दूध देणार नाही.) दूरच्या वस्तू बरोबर मापात याव्यात म्हणून त्यानं दोऱ्या ताणलेली एक लाकडी चौकट करून घेतली. तिच्या पायांना लोहाराकडून लोखंडी टोकं बसवून घेतली, म्हणजे ती वाळूत रोवता येई. त्याच वर्षी त्याच्या एका काकांनी त्याला हेगची १२ चित्रं काढायला सांगितली आणि ३० गिल्डर दिले. पण एवढ्यावर घर कसं चालणार? पैसे थिओच पाठवायचा. कागद, पेन्सिली, जेवण, सगळं त्यातून.

नंतर तो रंगांकडे वळला. पॅरिसला गेला, आर्लला गेला, सूर्यफुलं तिथलीच. २९ जुलै १८९० रोजी फ्रान्समधील ओव्हेर येथे तो वारला. वय अवघं ३७. दहा वर्षांत त्यानं हजाराच्या वर रेखाचित्रं काढली. सहा महिन्यांनी थिओही गेला.

१८८२ च्या नोव्हेंबरात व्हिन्सेंटनं एका म्हाताऱ्याचं चित्र पेन्सिलीनं काढलं होतं. म्हातारा खुर्चीवर बसून, तोंड मुठींत लपवून, वाकलेला आहे. वारण्याच्या दोन महिने आधी व्हिन्सेंटनं तोच म्हातारा परत रंगांत काढला. पेन्सिलीचं चित्र आता ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. त्यातल्या म्हाताऱ्याचं तोंड दिसतच नाही, तरी तो किती दमलाय ते कळतं.

— इयत्ता ४ थी