स्टीअरिंग वळवताना 'चीं' आवाज येतो? कारण दडलंय फ्रान्सिस डेव्हिस यांच्या शोधात

गाडी चालू केली, पार्किंगमधून काढायला स्टीअरिंग वळवलं आणि बॉनेटखालून 'चीं...' असा आवाज आला. स्टीअरिंग सरळ केलं की आवाज गायब! असं होत असेल आणि गाडीला हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंग असेल, तर पहिला संशय एका रबरी बेल्टवर घ्या. पण आवाज फक्त वळवतानाच का येतो? हे समजायला ज्यांनी हे स्टीअरिंग वापरण्याजोगं केलं, त्या फ्रान्सिस डेव्हिस यांची गोष्ट माहीत हवी.

चांगली नोकरी सोडली

डेव्हिस यांचा जन्म १८८७ चा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा. हार्वर्डमधून इंजिनिअरिंग शिकून ते पिअर्स-अ‍ॅरो या कंपनीत लागले आणि तिच्या ट्रक विभागाचे मुख्य इंजिनिअर झाले. अवजड ट्रक वळवताना ड्रायव्हरचे हात कसे भरून येतात, हे ते रोज बघत होते. १९२२ मध्ये त्यांनी ही नोकरी सोडली, बॉस्टनजवळच्या वॉल्थममध्ये छोटंसं वर्कशॉप भाड्याने घेतलं आणि जॉर्ज जेसप या कुशल कारागिराला सोबत घेऊन काम सुरू केलं.

एक साधी, पण उलटी कल्पना

स्टीअरिंगला यंत्राची मदत द्यायची ही कल्पना तशी जुनीच. अडचण होती गळतीची. त्या काळच्या हायड्रॉलिक यंत्रात व्हॉल्व्ह एरवी बंद असायचा आणि तेलावर सतत मोठा दाब राहायचा. सतत दाब म्हणजे सतत गळती.

डेव्हिस यांनी हे उलटं केलं. त्यांचा व्हॉल्व्ह एरवी उघडा राहतो. गाडी सरळ चालली असताना तेल पंपातून निघतं आणि आरामात फिरून परत येतं. दाब जवळजवळ नाहीच. स्टीअरिंग वळवलं की व्हॉल्व्ह तेलाची वाट अडवतो, दाब वाढतो आणि तोच दाब चाकं वळवायला मदत करतो.

यश मिळालं, पण उशिरा

१९२५ पर्यंत त्यांनी ही यंत्रणा आपल्या पिअर्स-अ‍ॅरो गाडीत बसवली. १९२६ मध्ये तीच गाडी चालवत ते डेट्रॉइटला गेले आणि जनरल मोटर्सला दाखवली. कंपनीने करारही केला. पण पुढे मंदी आली. महागड्या गाड्या विकल्या जाणार थोड्या आणि उत्पादनाचा खर्च मोठा, म्हणून १९३४ मध्ये करार संपला. डेव्हिस यांनी १९३६ मध्ये बेंडिक्स कंपनीशी करार केला. दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या अवजड गाड्यांना हे स्टीअरिंग लागलं आणि त्याचा टिकाऊपणा सिद्ध झाला.

सामान्य ग्राहकाच्या कारमध्ये ते आलं १९५१ मध्ये, क्रायस्लर इम्पीरियलमधून. तेही डेव्हिस यांच्या मुदत संपलेल्या पेटंटांच्या आधारे! पंचवीस वर्षं ज्याच्यासाठी घालवली, ती वस्तू दुसऱ्यानेच आधी बाजारात आणली. मग जनरल मोटर्सलाही जाग आली आणि १९५२ पासून तिच्या गाड्यांतही पॉवर स्टीअरिंग आलं. डेव्हिस यांचं निधन १९७८ मध्ये झालं.

आता तुमच्या गाडीचा आवाज

हा पंप इंजिनवरच्या बेल्टने फिरतो. गाडी सरळ असताना पंपावर भार नसतो, म्हणून सैल बेल्टही चालून जातो. वळवलं की दाब वाढतो, पंप फिरवायला जड होतो आणि बेल्ट पुलीवर घसरतो. तोच 'चीं' आवाज! उभ्या गाडीत स्टीअरिंग पूर्ण वळवताना तो जास्त येतो, कारण तेव्हा दाब सर्वाधिक असतो.

इंजिन बंद करा, थंड होऊ द्या आणि हे तपासा:

- बेल्ट: भेगा, चकाकी किंवा तेलाचे डाग दिसतात का? तो सैल आहे का? सैल असेल तर ताण नीट करून घ्या. खराब असेल तर बदला. बेल्टवर स्प्रे मारला तर आवाज थोडा वेळ थांबेल, दोष तसाच राहील.
- ऑइल: पॉवर स्टीअरिंगच्या टाकीवरच्या दोन खुणांमध्ये पातळी आहे ना? कमी असेल तर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलंच ऑइल टाका आणि गळती शोधा. ऑइल कमी असलं की 'चीं'पेक्षा घुमल्यासारखा आवाज येतो.
- सवय: स्टीअरिंग शेवटपर्यंत वळवून तिथेच दाबून धरू नका.

बेल्ट आणि ऑइल दोन्ही ठीक असूनही आवाज येत असेल, तर बेल्टचा टेन्शनर, पुली आणि पंप मेकॅनिककडून बघून घ्या. आजच्या बऱ्याच नव्या गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग असतं. त्यात ना हा पंप ना हे ऑइल, त्यामुळे तिथे आवाजाचं कारण वेगळं असतं.

आवाजाकडे दुर्लक्ष मात्र नको. अनेक गाड्यांत हाच बेल्ट अल्टरनेटर आणि पाण्याचा पंपही फिरवतो. तो घाटात तुटला तर स्टीअरिंग एकदम जड होईल, बॅटरी चार्ज होणार नाही आणि इंजिन तापेल. त्यापेक्षा वेळेवर बदललेला बेल्ट कितीतरी स्वस्त पडतो.