किंग जिलेट: घराघरांत ब्लेड पोचवणारा फिरता विक्रेता

गावाकडं आजही अनेक घरांत आरशाशेजारच्या दिवळीत एक डबी सापडते. आत ब्रश, साबणाची वडी, तुरटीचा खडा अन् दोन्ही बाजूंनी धार असलेल्या पातळ ब्लेडचं रेझर. हे रेझर ज्याच्या डोक्यातून निघालं त्या माणसाचं नाव किंग कॅम्प जिलेट. किंग ही पदवी नव्हे बरं का, नावच होतं.

जिलेट यांचा जन्म ५ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात झाला. पुढं कुटुंब शिकागोत आलं. १८७१ मध्ये शिकागो शहराला प्रचंड आग लागली आणि वडिलांचा धंदा जळून गेला. सोळा वर्षांच्या पोराला कामाला लागावं लागलं. मग कित्येक वर्षं गावोगाव फिरून माल विकणं, हाच त्यांचा धंदा.

१८९० नंतर ते बाटलीची पत्र्याची बुचं बनवणाऱ्या कंपनीत होते. बुचाचा शोध लावणारे विल्यम पेंटर यांनी त्यांना एक सल्ला दिला. गिऱ्हाईक एकदा वापरून फेकून देईल आणि पुन्हा घ्यायला येईल, अशी वस्तू शोध. हा सल्ला जिलेटांच्या डोक्यात घर करून बसला.

त्या काळी दाढी म्हणजे वस्तरा. रोज चामड्याच्या पट्ट्यावर घासायचा, मधूनमधून सहाणेवर धार लावून घ्यायची. हात चुकला की गाल कापला. खाली संरक्षक पट्टी असलेली रेझरं आधीपासून बाजारात होती, पण त्यांचं पातं जाड, त्यालाही धार लावावीच लागे. १८९५ मध्ये एके सकाळी बोथट पात्यानं दाढी करताना जिलेटांना सुचलं, धार लावायचीच कशाला? कागदासारखं पातळ, स्वस्त पातं करावं, बोथट झालं की टाकून द्यावं. लगेच दुकानातून पितळेचे तुकडे, घड्याळाच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी आणि कानस आणून त्यांनी खटपट सुरू केली.

सुचणं सोपं होतं, करणं अवघड. एवढ्या पातळ पत्र्याला कडक धार देता येणारच नाही, असं पोलादातल्या जाणकारांनी सांगितलं. सहा वर्षं अशीच गेली, पैसाही गेला. शेवटी विल्यम निकरसन या इंजिनिअरनं पात्याला पाणी देण्याची आणि धार लावण्याची यंत्रं बसवली. खरं श्रेय निम्मं तरी त्याचंच. पण इंग्रजीत निक म्हणजे ओरखडा, म्हणून रेझरला त्याचं नाव दिलं नाही असं सांगतात!

१९०१ मध्ये कंपनी निघाली. १९०३ मध्ये विक्री किती? रेझर ५१ आणि ब्लेड १६८. किंमत पाच डॉलर, म्हणजे कामगाराची जवळपास अर्ध्या आठवड्याची मजुरी. तरी पुढच्याच वर्षी ९० हजारांवर रेझरं खपली आणि नोव्हेंबर १९०४ मध्ये पेटंटही मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारनं सैनिकांसाठी ३५ लाख रेझर आणि ३ कोटी ६० लाख ब्लेड घेतले. गडी युद्धावरून परतले ते रोज घरीच दाढी करायची सवय घेऊन. ब्लेडच्या वेष्टनावर जिलेटांचा मिशीवाला फोटो होता, त्यामुळं जगभर लोक त्यांना चेहऱ्यानं ओळखू लागले.

गंमत अशी की या माणसाला धंद्यातली स्पर्धाच मान्य नव्हती. रेझर सुचण्याच्या आधीच, १८९४ मध्ये, त्यांनी पुस्तक लिहिलं होतं. सगळे उद्योग जनतेच्या मालकीच्या एकाच कंपनीकडं द्यावेत आणि नायगारा धबधब्याच्या विजेवर चालणाऱ्या एका महाकाय शहरात लोकांनी राहावं, असं त्यांचं म्हणणं. १९१० मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना अशा जागतिक कंपनीचं अध्यक्षपद देऊ केलं, पगार दहा लाख डॉलर. रूझवेल्टांनी नकार दिला. लाखो ब्लेड विकून श्रीमंत झालेला माणूस हे लिहितो, याचं लोकांना नवल वाटणारच. पण जिलेटांनी तो विचार सोडला नाही, १९२४ मध्येही त्यावर पुस्तक काढलं.

स्वतःच्या कंपनीत मात्र त्यांचं फारसं चाललं नाही. भागीदार जॉन जॉयस यांच्याशी ताबा कुणाचा यावरून वाद झाला. १९१० च्या सुमारास जिलेटांनी आपले बरेचसे शेअर विकले आणि नावापुरते अध्यक्ष राहिले. पुढं ते कॅलिफोर्नियात गेले, जमिनी घेतल्या. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि त्यांची बहुतेक संपत्ती बुडाली. १९३१ मध्ये अध्यक्षपदही सुटलं. ९ जुलै १९३२ रोजी त्यांचं निधन झालं. ब्लेडच्या वेष्टनावर फोटो मात्र पुढंही छापला जात राहिला.